परवाना आधी, परतीचा विचार डिसेंबरात

प्रश्न : मी ३१ वर्षांची, मूळची चिपळूणची, गणिताची शिक्षिका आहे. एका अनुदानित शाळेतून वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन, एका स्वयंसेवी संस्थेमार्फत जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी टांझानियाला आले. मोशी शहराच्या वर, किलिमांजारोच्या उतारावरील एका सरकारी माध्यमिक शाळेत फॉर्म टूच्या, म्हणजे माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाच्या, दोन तुकड्यांना मी गणित शिकवते. प्रत्येक तुकडीत सत्तरच्या वर मुले आहेत. मी इंग्रजीत शिकवते, मुले एका सुरात ‘येस मॅडम’ म्हणतात आणि वह्या मात्र कोऱ्याच राहतात. इतर शिक्षक छडी वापरतात, ते पाहवत नाही. मी शाकाहारी असल्यामुळे जेवणाचे हाल होतात. गावातले लोक या ना त्या कारणाने पैसे मागतात. अंधार पडल्यावर खोलीत बसून घरी फोन करण्यापलीकडे काही उरत नाही आणि आई रोज ‘परत ये’ म्हणते. माझा इथे काही उपयोग होत आहे का, हेच कळेनासे झाले आहे. मी परत यावे का?
ता. क. : परवान्याचे काम चालू आहे असे संस्था सांगते, तोवर मी पर्यटक व्हिसावर आहे.

उत्तर : तुम्ही जे ताजा कलम म्हणून शेवटी लिहिले आहे, ते पत्राच्या पहिल्या ओळीत यायला हवे होते. ते वाचल्यावर हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता तुम्हाला तेवढ्यापुरते वेगळे कळवले आहे. येथे ते पुन्हा लिहितो, कारण याच वाटेने जाऊ पाहणारे इतर वाचकही हे सदर वाचतात. टांझानियात पगार न घेता शिकवणे हेही कायद्याच्या दृष्टीने कामच आहे आणि पर्यटक व्हिसावर ते करता येत नाही. स्वयंसेवकांसाठी तेथे ‘सी’ वर्गाचा निवास परवाना असतो. तुमचा व्हिसा ९० दिवसांचा असणार, म्हणजे तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपतो. ‘काम चालू आहे’ या उत्तरावर समाधान न मानता अर्जाचा क्रमांक, शुल्क भरल्याची पावती आणि अर्जासोबत जोडलेले शाळेचे पत्र या तीन गोष्टींच्या प्रती संस्थेकडे लेखी मागा. त्या दोन दिवसांत मिळाल्या नाहीत, तर अर्ज झालेलाच नाही असे धरून चाला आणि मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन मोशीतील इमिग्रेशन कार्यालयात स्वतः जा. परवाना हातात येईपर्यंत वर्गात उभे राहू नका, मग त्यासाठी आठ-दहा तास बुडाले तरी चालतील. दार-एस-सलाम येथील भारतीय उच्चायुक्तालयाकडे आपली नोंदणी केली नसेल तर तीही याच आठवड्यात करा. शुल्क घेऊन माणसे पाठवणाऱ्या आणि कागदपत्रांची जोखीम त्यांच्याच अंगावर टाकणाऱ्या संस्थांविषयी माझे मत फारसे चांगले नाही; पण त्यांच्याशी भांडण नंतर करता येईल, व्हिसाची मुदत मात्र वाढवून घेतल्याशिवाय वाढत नाही.

परवाना मिळत असेल तर माझा सल्ला असा की तुम्ही निदान हे शालेय वर्ष संपेपर्यंत थांबावे. तेथील वर्ष जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरच्या सुरुवातीला संपते आणि तुम्ही शिकवता त्या फॉर्म टूच्या मुलांची राष्ट्रीय परीक्षा नोव्हेंबरमध्ये असते. ती शाळेच्या घटक चाचणीसारखी नाही. तिच्यात अनुत्तीर्ण होणाऱ्याला तोच वर्ग पुन्हा करावा लागतो. परीक्षेच्या तोंडावर गणिताची शिक्षिका निघून गेली तर तो तास बहुधा रिकामाच जातो, कारण गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांची तेथे मोठी टंचाई आहे आणि चौथ्या फॉर्मच्या परीक्षेत गणितात बहुसंख्य विद्यार्थी नापास होण्याची परिस्थिती वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. तुमचा उपयोग आहे का, या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आहे.

उरलेले अर्धे उत्तर त्या कोऱ्या वह्यांमध्ये आहे आणि त्याकडे जरा सविस्तर पाहावे लागेल. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळेत सातही इयत्ता स्वाहिलीतून शिकवतात. १९६७ पासूनचे हे धोरण आहे. माध्यमिक शाळेच्या पहिल्याच दिवसापासून मात्र स्वाहिली आणि धर्मशिक्षणासारखे थोडके विषय सोडता सगळे इंग्रजीतून होते. म्हणजे तुमच्या वर्गातील मुलाने भागाकार, अपूर्णांक, शेकडेवारी हे सारे एका भाषेत शिकलेले आहे आणि गेली दीड-पावणेदोन वर्षे तो दुसऱ्याच भाषेत त्याच गणिताला सामोरा जात आहे. मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावी विज्ञान शाखेत गेलेल्या आपल्याकडच्या मुलांचे पहिले सत्र कसे जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. फरक एवढाच की ती मुले सोळा वर्षांची असतात आणि ही त्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. त्यात जानेवारी २०१६ पासून चौथ्या फॉर्मपर्यंतचे शुल्क माफ झाले. त्यामुळे पूर्वी घरी बसली असती अशी मुले शाळेत आली, ही मोठीच गोष्ट झाली. पण शिक्षक आणि वर्गखोल्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. सत्तरचा पट तेथून आला आहे. तो तुमच्या शिकवण्यातला दोष नाही आणि तुमच्या उत्साहाने तो कमीही होणार नाही.

म्हणून सत्तरच्या सत्तर मुलांना इंग्रजीत गणित ‘समजावून सांगण्याचा’ हट्ट सोडा. ‘समजले का?’ हा प्रश्न तर पूर्णपणे बंद करा, कारण त्याला ‘येस मॅडम’ हेच शिष्टाचाराचे उत्तर आहे; ‘नाही’ म्हणणे म्हणजे शिक्षकाचा अपमान, अशी त्यांची समजूत असते. त्याऐवजी फळ्यावर एक उदाहरण लिहा आणि दोन-दोन मुलांना ते आपसांत स्वाहिलीत बोलून सोडवू द्या, उत्तर मात्र इंग्रजीत लिहून घ्या. परीक्षा इंग्रजीत असली तरी विचार स्वाहिलीत करायला कोणाची हरकत नाही. प्रत्येक धड्यातील आठ-दहा कळीचे शब्द दोन्ही भाषांत लिहिलेला तक्ता भिंतीवर लावा आणि तो तुम्ही एकटीने न बनवता शाळेतील एखाद्या गणिताच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकाबरोबर बसून बनवा. यात तुमची भाषा सुधारेल हा लहान फायदा. मोठा फायदा असा की तुम्ही गेल्यावरही तो तक्ता आणि त्यामागची पद्धत जाणणारा माणूस शाळेत उरेल. उदाहरणे तेथील घ्या. मोबाइलवरून पैसे पाठवताना किती शिलिंग कापले जातात यावर शेकडेवारीचे चार तास सहज होतात, आणि खिडकीतून दिसणारे ५,८९५ मीटरचे शिखर व त्याच्या पायथ्याशी पसरलेले शहर समोर असताना चढाचे गुणोत्तर शिकवायला दुसऱ्या चित्राची गरज नाही. वह्या रोज सगळ्या तपासू नका. दहा निवडा, त्या नीट तपासा, आणि त्यांत सापडलेली एकच चूक दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्या. नोव्हेंबरपर्यंत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करण्यापेक्षा जुन्या प्रश्नपत्रिकांत वारंवार येणारे प्रकार पक्के करून घेणे अधिक हिताचे आहे. काही गुणवत्तावादी वाचकांना हे आवडणार नाही, पण ज्या मुलाला वर्ग पुन्हा करावा लागणार आहे त्याच्यासमोर उभे राहून हा वाद घालण्यात अर्थ नाही.

छडीचा प्रश्न अवघड आहे आणि त्यावर सोपे उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी केली; बंदीनंतरही ती किती शाळांतून खरोखर गेली, हे तुम्ही आणि मी दोघेही जाणतो. टांझानियात ती कायद्याने आजही चालते, मात्र नियमांच्या चौकटीत : मुख्याध्यापकाने किंवा त्याने लेखी नेमलेल्या शिक्षकानेच ती द्यायची, चारपेक्षा अधिक फटके मारायचे नाहीत आणि प्रत्येक शिक्षेची नोंद ठेवायची. तुम्ही पाहता त्यातील बराचसा मार या चौकटीबाहेरचा असणार. तरीही शिक्षक-खोलीत सर्वांसमोर त्यावर भाषण करणे हा मार्ग नव्हे. नुकत्याच आलेल्या परदेशी बाईने वीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाला मुलांसमोर किंवा सहकाऱ्यांसमोर खाली पाहायला लावले, तर मुलांचा मार थांबत नाही. तुम्ही नसताना तो वाढतो एवढेच होते. तुमच्या हातात आहे ते असे की स्वतः कधीही छडी हातात घ्यायची नाही, आणि आपल्या वर्गातील कुठल्याही मुलाला ‘शिस्तीसाठी’ दुसऱ्या शिक्षकाकडे पाठवायचे नाही, कारण ती शिक्षा तुम्हीच दिल्यासारखी होते. मुख्याध्यापकांना एकांतात भेटून ‘माझ्या तासाची शिस्त मी माझ्या पद्धतीने राखेन, तेवढी मुभा द्या’ असे मागा. बहुतेक मुख्याध्यापक ती देतात. मग मात्र तुमचा वर्ग खरोखर शिस्तीत राहिला पाहिजे, नाहीतर तुमचाच वर्ग छडीच्या समर्थकांचा पुरावा ठरेल. उशिरा येणाऱ्या मुलांना फळा पुसणे, वह्या वाटणे अशी कामे द्या आणि गटप्रमुख नेमा. एखाद्या मुलाला जखम होईपर्यंत मारलेले दिसले तर ती गोष्ट वेगळी आहे. तेव्हा गप्प बसू नका, त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे लेखी द्या आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा.

तुमच्या पत्रात सहकाऱ्यांचा उल्लेख फक्त छडीच्या संदर्भात आला, याने मला खरी काळजी वाटली. सकाळी दहाच्या सुमारास शिक्षक-खोलीत चहा आणि मांदाझी, म्हणजे तळलेले गोडसर पाव, येतात, तेव्हा तुम्ही कोठे असता? भारतीय माणसाविषयी तेथे एक जुनी प्रतिमा आहे आणि ती आपण ओळखून असावे. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेला भारतीय समाज प्रामुख्याने गुजराती व्यापाऱ्यांचा. दुकानाच्या गल्ल्यामागे दिसणारा, आपापसांतच लग्ने करणारा, शेजाऱ्याच्या पंगतीला न बसणारा, अशी त्याची ओळख झाली. १९७१ मध्ये सरकारने भाड्याने दिलेल्या इमारती ताब्यात घेतल्या, त्यांत मोठा वाटा या समाजाच्या मालमत्तेचा होता आणि त्यानंतर अनेक कुटुंबे देश सोडून गेली. तुम्ही चहाच्या वेळी खोलीवर जाऊन स्वतःचा डबा खात असाल, तेव्हा तुमच्या मनात फक्त शाकाहार असतो. पाहणाऱ्याला मात्र तीच जुनी गोष्ट दिसते. तेव्हा डबा तेथेच उघडा आणि पुढे करा.

नमस्काराला तेथे जितका वेळ देतात तितका आपल्याकडे आता कोणी देत नाही. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणायचे, त्यांनी ‘माराहाबा’ म्हणायचे, मग रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, काम कसे चालले आहे अशी विचारपूस झाल्याशिवाय मूळ विषयाला हात घालायचा नाही. विद्यार्थी तुम्हाला ‘शिकामो’ म्हणतील तेव्हा नुसती मान हलवून पुढे जाऊ नका. कोणाच्या दारात गेल्यावर ‘होदी’ म्हणून थांबायचे आणि आतून ‘कारिबू’ ऐकू आल्यावरच उंबरा ओलांडायचा. वेळेचाही एक घोळ तुम्ही बहुधा अनुभवला असेल : स्वाहिली घड्याळ पहाटे सहापासून मोजतात, म्हणून सकाळचे सात म्हणजे एक वाजला आणि दुपारचा एक म्हणजे सात वाजले. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी उगवतो, तेव्हा हा हिशेब तेथे अगदी सरळ आहे. पालकसभेची वेळ ठरवताना ती दोनदा विचारून घ्या, म्हणजे सहा तासांचा गोंधळ होणार नाही.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या करा, कारण तुम्ही त्या एकाच पिशवीत घातल्या आहेत असे दिसते. लग्न, अंत्यविधी, चर्चचे बांधकाम यांसाठी प्रत्येकाने काहीतरी द्यायचे, याला ‘म्चांगो’ म्हणतात. लग्नाची तर छापील कार्डे वाटतात आणि कोण किती देणार याची यादी होते. ही भीक नाही आणि तुम्ही श्रीमंत दिसता म्हणूनच मागितले जाते असेही नाही. शाळेचा शिपाईसुद्धा देतो. तुमच्या बरोबरीचा शिक्षक किती देतो ते विचारा आणि तेवढेच द्या. जास्त दिलेत तर पुढच्या वेळी आकडा तुमच्यासाठी वेगळा ठरेल. कोणाकडे मृत्यू झाला असेल तर पैशांपेक्षा जाऊन बसणे महत्त्वाचे. याउलट उसने पैसे, एखाद्या मुलाच्या गणवेशाचा खर्च, मोबाइल दुरुस्ती अशा वैयक्तिक मागण्यांना ‘मी शाळेमार्फतच देते’ असे एकच ठरलेले उत्तर द्या आणि ते कोणासाठीही बदलू नका. विशेषतः विद्यार्थ्यांना हातात पैसे देऊ नका, त्यात चांगल्या हेतूचेही वाईट अर्थ निघतात.

जेवणाची अडचण तुम्हाला वाटते त्यापेक्षा लहान आहे. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, माहारागे म्हणजे राजम्यासारखी उसळ, आपल्या माठाची सख्खी बहीण असलेली म्चिचाची भाजी, कोबी, भात आणि चपाती यांवर शाकाहारी माणसाचे उत्तम चालते. जपायचे ते केळ्यांच्या पदार्थांत, कारण किलिमांजारोच्या उतारावर कच्ची केळी बहुधा गोमांसाबरोबर शिजवतात, आणि उसळीतही कधी मांसाचा रस्सा घातलेला असतो. ताटावर बसल्यावर नको म्हणू नका; बोलावणे आले की त्याच क्षणी ‘सिली न्यामा’, मी मांस खात नाही, असे सांगा, म्हणजे यजमानीणबाईंची अडचण होत नाही. तूरडाळ मिळत नाही असे समजून तुम्ही मोशीहून महागडी पाकिटे आणत असाल तर बाजारात ‘म्बाझी’ विचारा. टांझानियाच्या उत्तर भागात तूर मोठ्या प्रमाणावर पिकते आणि ती जहाजाने आपल्याकडेच येते. चिपळूणला तुमच्या आईच्या डब्यात कदाचित तीच असेल. एक कुकर आणि शेगडी घेतलीत की आठवड्यातले चार दिवस वरणभात होईल, आणि एखाद्या रविवारी शेजारणीला तो वाढलात तर तिच्याकडून चपात्या मऊ कशा होतात तेही कळेल. त्या आपल्यापेक्षा जास्त तेल घालतात आणि थरांच्या करतात.

प्रकृतीबाबत थोडक्यात : उंचीवर मलेरिया कमी असतो म्हणजे नसतो असे नव्हे, शिवाय तुम्ही खाली शहरात ये-जा करता. मच्छरदाणी रोज लावा, आणि ताप आला तर अंगावर न काढता त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्या. पाणी उकळूनच प्या. अंधार पडल्यावर बोडाबोडावर, म्हणजे मोटारसायकलच्या टॅक्सीवर, बसू नका. डालाडालात, म्हणजे तेथील छोट्या प्रवासी बसमध्ये, कितीही गर्दी असली तरी ती बरी, किंवा आपल्याकडच्या रिक्षेसारखी ‘बजाजी’ करा.

संध्याकाळच्या एकटेपणावर फोन हा उपाय वाटतो, पण रोजचा दीड तास घरी बोलून तुम्ही मनाने चिपळूणलाच राहता आणि आईलाही रोज नव्याने काळजी लागते. आठवड्यातून दोन ठरलेले वार ठेवा आणि आईला आधीच सांगा, म्हणजे मधल्या दिवशी फोन आला नाही तर ती घाबरणार नाही. उरलेल्या संध्याकाळींपैकी दोन एखाद्या शिक्षिकेकडे स्वाहिली शिकण्यासाठी द्या, रीतसर मोबदला देऊन. त्या घरात तुमची ऊठबस सुरू होईल ती अशीच. भाषा वाटते तितकी परकी नाही, ‘हेसाबू’, ‘सबुनी’, ‘रांगी’, ‘दुनिया’ हे शब्द तुम्ही पहिल्या दिवसापासून ओळखले असतीलच. दिवाळीत मन फार कातर झाले तर मोशी आणि अरुशामध्ये भारतीय कुटुंबे आहेत, जरूर जा. पण दर शनिवार-रविवार तेथेच घालवण्याची सवय लावून घेऊ नका.

परत यावे की वर्ष पुरे करावे, हा निर्णय परीक्षा झाल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीस घ्या. तोपर्यंत आईला एवढेच सांगा की डिसेंबरपर्यंत थांबणार आहे. डिसेंबरमध्ये नाताळासाठी देशभर विखुरलेले चागा लोक, आपले चाकरमानी गणपतीला कोकणात येतात तसे, किलिमांजारोवरील आपल्या गावी परततात. त्या दिवसांत तुम्हाला कोण कोण घरी बोलावते याकडे लक्ष द्या, कारण निर्णयासाठी त्याचाही उपयोग होईल. थांबायचे ठरले तर फॉर्म थ्रीला हीच मुले मागा आणि एका स्थानिक शिक्षकाबरोबर तास वाटून घ्या, म्हणजे जुलैत तुमची रजा संपेल तेव्हा वर्ग अर्ध्यावर सुटणार नाही. निघायचे ठरले तर त्यातही कमीपणा नाही, मात्र ते मुख्याध्यापकांना सुट्टी लागण्यापूर्वी सांगा, कारण जानेवारीचे वेळापत्रक तेव्हाच तयार होते आणि त्यात गणिताच्या तासांपुढे तुमचे नाव असेल.